गॉबनेट : एका दुर्मिळ आयरिश नांवाचा इतिहास

ज्युबिलीच्या वर्षीं धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या कपाटांतून बाहेर निघतात. पिवळ्या पडलेल्या त्या पानांवरून बोट फिरवीत गेलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, माणसाचें नांव ही केवळ हांक मारण्याची सोय नव्हे. तें कोणीं ठेविलें, कोणत्या भाषेंत ठेविलें आणि लिहिणाऱ्यानें तें कसें लिहिलें, यांत त्या लोकांचा निम्मा इतिहास सांठविलेला असतो. आमच्या उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती कुळांचीं नांवें पोर्तुगीज पाद्र्यांच्या लेखणींतून उतरलीं. घरीं ज्याला 'इनास' म्हणून हांक मारावी, तो वहींत इग्नेशियस असतो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांची माता वसईचीच. पण १८६२ सालीं संतपदास पोहोंचलेल्या त्या पुत्राचें नांव मात्र लिस्बनच्या वळणाचें. यांत कोणास दोष द्यावयाचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या आयर्लंडानें जगाच्या कानाकोपऱ्यांत मिशनरी धाडले, त्या कट्टर कॅथलिक देशांतहि असाच प्रकार घडला, आणि तोहि एका संतेच्याच नांवाच्या बाबतींत घडला, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. म्हणून या अंकांत गॉबनेट या एका आयरिश मुलीच्या नांवाची हकीगत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ब्रिजिट हें नांव आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहे. पॅट्रिक तर घरोघर सांपडेल. गॉबनेट मात्र आमच्याकडे कोणीं ऐकलेंहि नसेल, आणि खुद्द आयर्लंडांतहि नैर्ऋत्येकडील कॉर्क व केरी हे परगणे सोडले तर तें क्वचितच कानीं पडतें. रोमन लिपींत तें कसेंहि लिहोत, तेथील शेतकऱ्याच्या तोंडीं त्याचा उच्चार 'गॉबनित' असा कांहींसा होतो, आणि शेवटचा त इतका मऊ कीं तो च कडे झुकतो.

अर्थ पाहूं गेल्यास, जुन्या आयरिश भाषेंत 'गोबा' म्हणजे लोहार. शेवटचा 'नट' हा स्त्रीवाचक आणि लाडिकपणा दाखविणारा प्रत्यय होय. तोच प्रत्यय 'डाव्हनट' या नांवांत आहे, ज्याचें रूप पुढें युरोपांत 'डिम्फ्ना' असें झालें. तेव्हां गॉबनेट म्हणजे आमच्या भाषेंत 'छोटी लोहारीण' असें म्हणावयास हरकत नाहीं. 'गॉब' म्हणजे चोंच किंवा तोंड, त्यावरून हें नांव साधावें, असेंहि कोणी सुचवितात. पण लोहाराकडे नेणारी व्युत्पत्तिच आम्हांस अधिक सरळ वाटते. मुलीच्या नांवांतून फुलाचा सुगंध न दरवळतां भात्याचा वारा व निखाऱ्याची धग जाणवावी, हें आम्हांस तरी मोठें गोड वाटतें. नाझरेथच्या सुताराच्या घरीं वाढलेल्या प्रभूच्या भक्तांस त्यांत वावगें वाटण्याचें कारण नाहीं.

या लोहारकीवरून विद्वानांत एक वाद माजला, त्याचा येथें उल्लेख करणें अवश्य आहे. आयरिश पुराणांत गॉइब्न्यू नांवाचा एक देवांचा लोहार आहे. नांवाचें हें साम्य पाहून, गॉबनेट ही खरी स्त्री नव्हेच, ती त्या लोहारदेवतेचें ख्रिस्ती रूप होय, असा तर्क कांहींनीं लढविला. तर्क चतुर आहे. पण नांवांत लोहार आला म्हणून माणूस खोटा ठरत नाहीं. तसें असेल तर आमच्यांतील सुतार, सोनार, लोहार आडनांवाचीं सारींच कुळें दंतकथेंत जमा करावीं लागतील! पुढें १९५१ सालीं कॉर्कच्या विद्यापीठांतील प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनीं कॉर्क परगण्यांतील बॅलीवर्नी या गांवीं, जें गोल दगडी घर लोक 'गॉबनेटचें घर' म्हणून दाखवितात, त्याची जागा शास्त्रोक्त रीतीनें खणली. (न्यूग्रेंजच्या प्राचीन थडग्याचें उत्खनन करून ज्यांनीं पुढें मोठी कीर्ति मिळविली, तेच हे ओ'केली.) त्या घरांत काय सांपडलें? लोखंडाचें कीट, आणि तेथें लोहारकाम चालत असल्याच्या स्पष्ट खुणा. एवढ्यावरून संतेचें चरित्र सिद्ध होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शेंकडों वर्षें ज्या जागेस छोट्या लोहारणीचें नांव होतें, त्याच जागीं लोहाराची भट्टी निघावी, हा योगायोग हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

तिच्या जीवनाचा स्वतंत्र असा जुना ग्रंथ आज उरलेला नाहीं. संत ॲबन यांच्या मध्ययुगीन चरित्रांत एवढेंच येतें कीं, त्यांनीं बॅलीवर्नी येथें मठ स्थापून तो पवित्र कुमारी गॉबनेट हिच्या हवालीं केला. बाकीचें सारें लोकांनीं तोंडोतोंडीं राखलें. परंपरा तिला सहाव्या शतकांत घालते. क्लेअर परगण्यांत ती जन्मली, आणि शत्रूंपासून पळून समुद्रांतील इनिशीर या लहानशा बेटावर जाऊन राहिली. त्या बेटावर तिच्या नांवाचें लहानसें दगडी देऊळ आजहि उभें आहे. तेथें देवदूतानें तिला दर्शन देऊन सांगितलें कीं, हें तुझ्या पुनरुत्थानाचें स्थान नव्हे. जेथें नऊ पांढरीं हरिणें चरतांना दिसतील, तेथें तूं थांब. 'पुनरुत्थानाचें स्थान' ही जुन्या आयरिश साधूंची फार सुंदर कल्पना होती. माणूस जेथें जन्मतो तें त्याचें गांव नव्हे; जेथें तो मरून पुरला जाईल व शेवटच्या दिवशीं जेथून उठेल, तेंच त्याचें खरें गांव, असें ते मानीत. गॉबनेट निघाली. क्लॉनड्रोहिड येथें तिला तीन हरिणें दिसलीं, बॅलीमकीरा येथें सहा, आणि सुलॅन नदीच्या खोऱ्यांत बॅलीवर्नीच्या टेकडीवर नऊ. तेथें ती राहिली, तेथेंच तिनें धर्मभगिनींचा मठ चालविला, आणि तेथेंच तिची समाधि आहे. वाटेंतील ज्या ज्या ठिकाणीं तिची परंपरा रुजली, तेथें गांवांनाहि तिचें नांव मिळालें. 'किलगॉबनेट' म्हणजे गॉबनेटचें देऊळ, अशा नांवाचीं स्थळें केरी व वॉटरफर्ड या परगण्यांत आहेत.

लोकांच्या मनांत मात्र ती हरिणांपेक्षां मधमाश्यांची संत म्हणून ठसली आहे. गुरें पळवून नेणाऱ्या लुटारूंवर तिनें आपल्या पोळ्यांतील माश्या सोडल्या आणि लुटारू गुरें टाकून पळाले, ही कथा तेथील पोरांसोरांस तोंडपाठ असते. साथ आली तेव्हां तिनें काठीनें जमिनीवर रेघ ओढली आणि रोग ती रेघ ओलांडून गांवांत आला नाहीं, अशीहि एक कथा आहे. लक्ष्मणरेषेची कथा ऐकत वाढलेल्या आम्हां लोकांस ती परकी वाटूं नये. मध हें तिचें औषध होतें, असें सांगतात. त्या काळच्या आयर्लंडांत मधमाशीचें महत्त्व किती होतें, याची आज कल्पना येणें कठीण. साखर नव्हती; गोड तेवढें मधाचें, आणि देवळांतील शुद्ध मेणबत्तीहि मधमाशीचीच. सातव्या शतकांतील आयरिश कायद्यांत 'मधमाश्यांचे निवाडे' नांवाचा एक स्वतंत्र ग्रंथच आहे. कोणाच्या माश्या कोणाच्या कुरणांतील फुलांवर बसल्या तर शेजाऱ्याचा मधांत वांटा किती, आणि माशी डसली तर भरपाई किती, याचा त्यांत बारीक विचार केला आहे. पुनरुत्थानाच्या रात्रीं आमच्या देवळांतून जें मेणबत्तीचें स्तुतिगीत गाइलें जातें, त्यांतहि मधमाशीची आठवण केलेली आहे, हें भाविकांस सांगावयास नकोच.

आतां इतिहासाच्या उजेडांत येऊं. १६०१ सालीं आठवे पोप क्लेमेंट यांनीं गॉबनेटच्या सणाच्या दिवशीं बॅलीवर्नीच्या देवळाची यात्रा करणाऱ्यांस पापदंडाची सूट जाहीर केली. रोमपर्यंत या खेड्याचें नांव पोहोंचलें होतें, हें यावरून दिसतें. त्याच सालाच्या अखेरीस किनसेलची लढाई झाली, आणि आयरिश सरदारांची सत्ता कायमची मोडली. पुढच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीं डोनल ओ'सुलिव्हन बेअर हा पराभूत सरदार आपल्या सुमारें हजार माणसांनिशीं, बायकामुलांसह, हिंवाळ्यांत उत्तरेकडे निघाला. वाटेंत बॅलीवर्नी येथें थांबून त्या लोकांनीं गॉबनेटच्या देवळांत प्रार्थना केली व दानें वाहिलीं. भूक, थंडी आणि शत्रु यांस तोंड देत दोन आठवड्यांनीं ते लीट्रिम येथें पोहोंचले, तेव्हां हजारांतले ३५ उरले होते.

त्यानंतरचा काळ कॅथलिकांस फार वाईट गेला. मास उघड करण्याची चोरी, जमिनी गेलेल्या, शिक्षण बंद. तरी यात्रा चालूच राहिली. १७२७ सालीं जॉन रिचर्डसन या प्रॉटेस्टंट पाद्र्यानें आयरिश यात्रांच्या 'मूर्खपणावर' एक पुस्तक लिहिलें. त्यांत बॅलीवर्नी येथील सुमारें दोन फूट उंचीच्या, रंगविलेल्या लाकडी स्त्रीमूर्तीचें वर्णन आहे. लोक तिच्याभोंवतीं गुडघ्यांवर फिरतात, म्हणून त्याला संताप आला आहे. पण त्याच संतापांत त्यानें मूर्तीचें नांव 'गुबिनेट' असें प्रामाणिकपणें नोंदवून ठेविलें. शत्रूच्या टीकेंतून भक्तांच्या मुखींचा उच्चार सुरक्षित राहिला! ती मूर्ति ओ'हर्लिही घराण्यानें पिढ्यान्पिढ्या सांभाळली, आणि ती आजतागायत आहे.

नांवावरील खरें संकट तलवारीनें आलें नाहीं. तें लेखणीनें आलें. १८३१ सालीं आयर्लंडांत सरकारी प्राथमिक शाळा सुरू झाल्या, त्यांची भाषा इंग्रजी. १८४५ पासून बटाट्याचा दुष्काळ पडला, त्यांत आयरिश बोलणारे खेडूतच सर्वांत अधिक मेले आणि सर्वांत अधिक देशोधडीस लागले. १८६४ पासून प्रत्येक जन्माची सरकारदरबारीं नोंद सक्तीची झाली. घरीं आई मुलीला गॉबनेट म्हणून हांक मारी. परंतु शाळामास्तर, नोंदणी कारकून, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण पुष्कळ वेळां धर्मगुरूहि, कागदावर तिच्यासाठीं दुसरें 'सभ्य' नांव शोधीत. कोणीं 'डेबोरा' लिहिलें. यांत निदान कांहीं युक्ति तरी होती. शास्त्यांच्या ग्रंथांत जी दबोरा येते, तिच्या नांवाचा हिब्रू अर्थच मधमाशी. कोणा शिकलेल्या पाद्र्यास तें सुचलें असावें. पण त्याहून अधिक ठिकाणीं 'ॲबिगेल' पडलें. अबीगईल ही नाबालाची सुज्ञ पत्नी, पुढें दावीदाची राणी झाली. तिच्या नांवाचा लोहाराशीं वा मधमाशीशीं अर्थाचा कांहींएक संबंध लागत नाहीं. ॲबिगेलचें झालें ॲबी, डेबोराचें झालें वेबी, कोठें ॲबिना झाली. आणि मूळ गॉबनेट 'गबी' बनून चुलीपाशीं राहिली. १९०१ व १९११ या सालांच्या खानेसुमारीचे मूळ कागद आज कोणासहि पाहतां येतात. त्यांत कॉर्क परगण्यांतील घराघरांतून हीं सारीं रूपें शेजारीं शेजारीं नांदतांना दिसतात.

येथें एक गोष्ट आमच्या मनास फार लागते. इंग्रजी भाषेंत सतराव्या शतकापासून, एका नाटकांतील पात्रावरून, 'ॲबिगेल' या शब्दाचा अर्थच मोठ्या घरची मोलकरीण असा झाला होता. मठाधिपति संतेचें नांव टाकून मुलींनीं जें नांव घेतलें, त्याचा अर्थ त्या भाषेच्या मालकांच्या घरीं दासी असा होता. आणि दुष्काळानंतर बोस्टन व न्यूयॉर्क येथें गेलेल्या त्याच मुलींपैकीं हजारोंनीं दासीचेंच काम करून, पै पै वांचवून, गांवाकडील आईबापांस पैसे धाडले व तिकडे देवळें उभीं केलीं. त्यांच्या श्रमांस आम्ही कमीपणा आणीत नाहीं, उलट त्यांपुढें मस्तक नमवितों. परंतु नांवाची ही थट्टा क्रूर आहे. ब्रिजिटच्या नांवाचीहि तीच गत झाली. अमेरिकेंत 'बिडी' म्हणजे आयरिश मोलकरीण असें होऊन बसल्यानें लेकींनीं तें नांव नातींस ठेवण्याचें सोडलें.

कोणी म्हणेल, ख्रिस्तसभेचा नियमच तसा असेल. तसें मुळींच नाहीं. १९१७ च्या धर्मकायद्याच्या ७६१ व्या कलमांत धर्मगुरूनें बाप्तिस्म्याच्या वेळीं ख्रिस्ती नांव ठेवलें जाईल असें पाहावें, व तें न जमल्यास आईबापांनीं दिलेल्या नांवास एका संताचें नांव जोडून दोन्ही वहींत लिहावीं, एवढेंच सांगितलें होतें. १९८३ च्या नव्या कायद्याच्या ८५५ व्या कलमांत तर ख्रिस्ती भावनेस विसंगत असें नांव देऊं नये, इतकीच अपेक्षा आहे. गॉबनेट तर स्वतः संत. तिच्या नांवास कोणत्याहि काळीं नियमाची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती लाजेची. आपल्या घरचें तें गांवढळ, दुसऱ्याच्या घरचें तें प्रतिष्ठित, ही समजूत एकदां मनांत शिरली म्हणजे संतहि परके वाटूं लागतात. आमच्याकडील मुलींचीं जुनीं नांवें टाकून नवीं शोधितांना किती आयांच्या मनांत हेंच असतें, तें वाचकांनींच ठरवावें.

१८९३ सालीं गेलिक लीग स्थापन झाली आणि आयरिश भाषेस पुन्हां मान मिळूं लागला. फादर पॅट्रिक वूल्फ या धर्मगुरूंनीं १९२३ च्या सुमारास आयरिश नांवांचे कोश प्रसिद्ध केले. त्यांत गॉबनेट हें नांव देऊन तिच्या ॲबिगेल, ॲबी, डेबोरा, वेबी या इंग्रजी मुखवट्यांची ओळखहि त्यांनीं करून दिली. पण खरी गंमत पुढेंच आहे. ज्या काळांत मस्करी प्रांतांतील शेतकऱ्यांच्या लेकी ॲबिगेल म्हणून मिरवीत होत्या, त्याच काळांत एका इंग्रज उमरावाच्या मुलीनें आपलें जन्मनांव टाकून गॉबनेट हें नांव आपखुषीनें धारण केलें. ही ॲल्बिनिया ब्रॉड्रिक, जन्म १८६१, व्हायकाउंट मिडल्टन यांची कन्या. हिचा भाऊ सेंट जॉन ब्रॉड्रिक हा १९०३ ते १९०५ भारतमंत्री होता. लॉर्ड कर्झन याच्याशीं ज्याचें भांडण झालें व ज्याच्या कारकीर्दींत वंगभंगास मंजुरी मिळाली, तोच हा. भाऊ लंडनांत बसून हिंदुस्थानचा कारभार पाहत होता, तेव्हां बहीण परिचारिकेचें शिक्षण घेऊन केरी परगण्यांतील गरिबांत जाऊन राहण्याच्या तयारीस लागली होती. तेथें तिनें रुग्णालय बांधण्यास काढलें, आयरिश भाषा आत्मसात केली, आणि 'गॉबनेट नी ब्रुअडर' असें नांव घेतलें. रुग्णांना मधानें बरें करणाऱ्या संतेचें नांव परिचारिकेनें घ्यावें, हें किती समर्पक! ती कडवी प्रजासत्ताकवादी बनली. १९२३ सालीं यादवी युद्धांत फ्री स्टेटच्या सैनिकांची गोळी तिच्या पायास लागली, आणि तुरुंगांत तिनें उपोषण केलें. धर्मानें ती प्रॉटेस्टंटच राहिली, व १९५५ सालीं वारली. आमच्या कॅथलिक संतेचा मान आमच्याच लोकांच्या आधीं एका प्रॉटेस्टंट बाईनें ओळखावा, याचा आम्हांस विषाद वाटत नाहीं, कौतुकच वाटतें.

चित्रकारांनींहि तिला सोडलें नाहीं. कॉर्क येथील विद्यापीठाच्या आवारांत १९१६ सालीं होनन चॅपल उघडलें, त्याच्या कांचचित्रांत हॅरी क्लार्क यांनीं काढलेली गॉबनेट आहे. निळ्या वस्त्रांतील ती उंच, गंभीर मूर्ति, भोंवतीं मधमाश्या, आणि जीव घेऊन पळणारे लुटारू. विसाव्या शतकाच्या मध्यास बॅलीवर्नी येथें शिल्पकार शेमस मर्फी यांनीं तिचा पुतळा घडविला. त्यांत ती मधमाश्यांच्या पोळ्यावर उभी आहे. १९७१ सालीं वारलेले आयरिश संगीताचे मोठे पुनरुज्जीवक शॉन ओ रिअडा यांची समाधिहि तिच्याच स्मशानभूमींत आहे.

आणि नांवाचें काय? स्पष्ट सांगावयाचें तर तें फोफावलें नाहीं. स्वतंत्र आयर्लंडांत मेव्ह, नीव्ह, ऑइफा असल्या जुन्या राण्यांच्या व नायिकांच्या नांवांना पुन्हां बहर आला. गॉबनेट मागें राहिली. ज्यांचें हें नांव आहे त्या बहुतेक वयस्क स्त्रिया, आणि त्याहि मन्स्टर प्रांतांतील आयरिशभाषी गांवांच्या. इंग्रजी बोलींत 'गॉब' म्हणजे तोंडाळ तोंड. शाळेंत पोरें चिडवितील या भीतीनें आईबाप कचरतात. तरीहि बॅलीवर्नीच्या आसपास एखाद्या घरीं आजीचें नांव नातीस मिळतें, आणि दुसरें नांव म्हणून तर तें अधिक चालतें.

तिचा सण ११ फेब्रुवारीस येतो. आमच्याकडे हा दिवस लूर्दमातेचा; १८५८ सालीं याच दिवशीं बर्नादेतला पहिलें दर्शन झालें, आणि १९९३ पासून सारी ख्रिस्तसभा तो रुग्णांचा दिवस म्हणून पाळते. बॅलीवर्नी येथें त्या दिवशीं लोक समाधि, विहीर व पडक्या देवळाभोंवतीं जपमाळ म्हणत प्रदक्षिणा घालतात, आणि दगडांवर खड्यानें क्रुसाची खूण गिरवितात. शेंकडों वर्षांच्या या गिरविण्यानें त्या खुणा खोल गेल्या आहेत. मग ती जुनी लाकडी मूर्ति बाहेर आणली जाते. प्रत्येक जण बरोबर आणलेली फीत तिच्या लांबीशीं लावून पाहतो, तिच्याभोंवतीं एकदां गुंडाळतो, आणि घडी करून खिशांत ठेवतो. या फितीला ते 'गॉबनेटचें माप' म्हणतात. वर्षभर ती घरांत जपतात, आणि कोणी आजारी पडलें कीं त्याच्या अंगावर ती ठेवून तिचें नांव घेतात. त्या वेळीं ॲबिगेल कोणी म्हणत नाहीं.